वॉर्डात बेडसोर मोजायचेत? सिस्टर-ब्रदर लोकांनी स्वतःच्याच वॉर्डात अभ्यास कसा करायचा

एक आजोबा होते, पॅरालिसिसचे, मेडिसिन वॉर्डात. अकराव्या दिवशी सकाळी स्पंजिंग करताना मी त्यांचा डावा पाय उचलला तर टाचेवर जांभळा-काळा डाग, मोठ्या नाण्याएवढा, आणि बोट लावलं तर तिथली कातडी भिजलेल्या पिठासारखी मऊ. चार्ट काढून बघितला. दर दोन तासांनी 'पोझिशन दिली', सही, पोझिशन दिली, सही. त्यातल्या तीन नाईटच्या सह्या माझ्या होत्या. मी खोटं लिहिलेलं नव्हतं, आजोबांना मी कुशीवर करत होते, पण अर्ध्या तासात ते सरकून परत पाठीवर यायचे आणि टाच गादीवरच दाबलेली असायची. टाचेकडं बघितलं कुणीच नव्हतं. मीही नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय, की चार्टवर काय लिहिलंय ते मोजून उपयोग नाही, पेशंटच्या अंगावर काय झालंय ते मोजायचं. हा लेख त्यासाठीच लिहितेय. स्टाफ नर्स असाल, ब्रदर असाल, इन्चार्ज असाल, एमएससी नर्सिंगचं डेझर्टेशन डोक्यावर असेल, तर आपल्याच वॉर्डात पेशंट सेफ्टीचा छोटा पण खरा अभ्यास कसा करायचा ते मी बेडसोरचं, म्हणजे पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेचं, उदाहरण धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. हीच पद्धत पेशंट पडणं, सलाईनची जागा सुजणं, कॅथेटरचं इन्फेक्शन, कशालाही चालते.

आधी प्रश्न ठरवा, आणि प्रश्न पेशंटचा असू द्या

आपल्याकडं नर्सिंगच्या डेझर्टेशनचा एक ठरलेला साचा आहे, सगळ्यांना तोंडपाठ असतो. अमुक विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा स्टाफ नर्सच्या नॉलेजवर होणारा परिणाम. साठ नर्सेसना प्रश्नपत्रिका द्यायची, मग तासभर लेक्चर, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका परत, मार्क वाढतात, पी व्हॅल्यू, म्हणजे हा फरक योगायोगाचा वाटत नाही हे दाखवणारा आकडा, छान येते, बाइंडिंग होतं, लायब्ररीत ठेवलं जातं. मुलींची मेहनत खरी असते त्यात, मी बघितलीय, रात्र रात्र जागून केलेली. पण लेक्चरनंतर लगेच मार्क वाढणारच की. वॉर्डातल्या एकाही पेशंटची टाच त्यामुळं वाचली का, हे त्या अभ्यासात कुठंच नसतं. दोन तासांनी पोझिशन द्यायची हे मला त्या तीन नाईटना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

माहिती असणं आणि होणं, कागदावर टिक असणं आणि होणं, यातलं अंतर किती मोठं असतं त्याची दोन मोठी उदाहरणं देते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या टीमनं शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाईनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, इन्फेक्शनवर काम केलं, ते २००६ साली छापून आलं. गोष्टी साध्याच पाच होत्या, हात धुणं, लाईन घालताना पूर्ण ड्रेपिंग, क्लोरहेक्सिडीननं कातडी साफ करणं, शक्यतो मांडीची लाईन टाळणं, गरज संपली की लाईन काढणं. पण त्याच्यासोबत सिस्टरला अधिकार दिला होता की डॉक्टरनं पायरी चुकवली तर प्रोसिजर थांबवायची, आणि इन्फेक्शनचा आकडा दर महिन्याला टीमला परत दाखवला जायचा. हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ असलेलं मध्यक, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं, इन्फेक्शन तीन महिन्यांत शून्यावर आलं. आता दुसरं उदाहरण. ऑपरेशनच्या चेकलिस्टनं २००९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आठ शहरांतल्या अभ्यासात, त्यात आपली दिल्लीही होती, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. मग कॅनडातल्या ओंटारिओनं सगळीकडं चेकलिस्ट लागू केली, १०१ हॉस्पिटलांचा आकडा २०१४ साली बाहेर आला, तर मृत्यूंमध्ये ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे म्हणावा असा फरकच नाही. चेकलिस्ट भरल्याची नोंद मात्र जवळपास सगळ्यांनी केलेली. कागद भरला गेला एवढ्यावरून आत काय झालं ते कळत नाही, एवढं तरी यातून मी घेतलं.

म्हणून तुमचा प्रश्न असा लिहा की उत्तर पेशंटच्या शरीरावर सापडेल. 'स्टाफला बेडसोरबद्दल किती माहिती आहे' हे नको. 'आमच्या मेडिसिन वॉर्डात ॲडमिट झाल्यानंतर नवीन बेडसोर किती पेशंटला होतात, आणि टाच उचलून ठेवायची पद्धत सुरू केल्यावर ते कमी होतात का' हे चालेल. एक वॉर्ड, एक त्रास, एक बदल, ठरावीक महिने. सगळ्या हॉस्पिटलचा प्रश्न घेऊ नका, अर्धा राहतो.

परवानगी, आणि कुणाकुणाला आधी सांगायचं

पहिल्यांदा इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग युनिटचे सर किंवा मॅडम. हा क्रम मोडू नका, मेट्रनला तिसऱ्याच माणसाकडून कळलं तर अभ्यास तिथंच संपतो. आणि त्यांना एक गोष्ट तोंडानं स्पष्ट सांगा की मोजायला लागल्यावर पहिल्या दोन महिन्यांत आकडा वाढलेला दिसेल. इतके दिवस जे दिसत नव्हतं ते दिसायला लागतं म्हणून वाढतो. हे आधी सांगितलं नाही तर आकडा बघून कुणाला तरी मेमो मिळतो, आणि एकदा एकीला मेमो मिळाला की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची टाच 'नॉर्मल' लिहिली जाते. शक्य असेल तर मेट्रनकडून लेखी घ्या की या अभ्यासात सापडलेल्या जखमेवरून कुणावर कारवाई होणार नाही. माझ्या मते सगळ्या कागदांत हा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मग एथिक्स कमिटी. फक्त वॉर्ड सुधारायचा आहे, बाहेर कुठं छापायचं नाही, असं असलं तरी कमिटीला अर्ज करून विचारूनच घ्या, कारण पुढं छापावंसं वाटलं तर मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात धोका अगदी कमी असेल तर काही बाबतीत संमतीची अट शिथिल करायची सोय आहे, पण ते कमिटी ठरवणार, आपण नाही. काही नवीन उपाय देऊन दोन गटांची तुलना करणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या रजिस्ट्रीवर, नोंदणी करा, ही रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत.

संमतीपत्र मराठीत, आणि मराठी म्हणजे पेशंटच्या सुनेला किंवा मुलाला वाचून कळेल असं. 'सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही' हे कुणाला कळतं हो? 'आम्ही रोज एकदा तुमच्या वडिलांची पाठ आणि टाचा बघून लिहून ठेवणार आहोत, तुम्ही नाही म्हणालात तरी त्यांच्या ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडणार नाही' असं लिहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या, आणि आपल्या टीमबाहेरचा साक्षीदार घ्या. फोटो काढायचे असतील तर त्याची संमती वेगळी, चेहरा आणि केसपेपरचा नंबर फोटोत नको, आणि वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एकही फोटो टाकायचा नाही. ही त्या माणसाची उघडी पाठ आहे, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप पाळले जातात.

आणि हो, तुलनेसाठी म्हणून कुणाला पोझिशन न देणं, असला गट कधीच करायचा नाही. जखम दिसली की आधी ड्युटी डॉक्टरला कळवायचं, मग फॉर्म भरायचा.

बेडसोर कशाला म्हणायचं

इथं बरेच अभ्यास गडबडतात, म्हणून जरा सावकाश. तुम्ही 'लाल झालंय' म्हणाल, दुसरी सिस्टर 'ते तर रोजचंच' म्हणेल, आणि आकड्याला काही अर्थ राहणार नाही. व्याख्या आधी लिहून भिंतीला लावा.

पहिली स्टेज म्हणजे कातडी फाटलेली नाही पण लाली आहे आणि बोटानं दाबून सोडलं तरी ती पांढरी पडत नाही. दुसरीत वरची कातडी गेलेली, गुलाबी ओलसर भाग किंवा पाण्याचा फोड. तिसरीत आतली चरबी दिसते. चौथीत स्नायू, हाड. वर काळी किंवा पिवळी खपली असेल आणि तळ दिसतच नसेल तर स्टेज ठरवता येत नाही असंच लिहायचं, अंदाजानं तिसरी-चौथी लिहायची नाही. आणि माझ्या आजोबांसारखा जांभळा-काळा डाग, कातडी साबूत पण खाली मऊ किंवा दगडासारखं, ती खोलवरची इजा, ती वेगळ्या कॉलममध्ये. पुस्तकात प्रेशर अल्सर आणि नवीन कागदात प्रेशर इंज्युरी दिसलं तर गोंधळू नका, अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं २०१६ साली नाव बदललं, कारण पहिल्या स्टेजला जखम उघडी नसतेच.

आता आपल्या लोकांची कातडी. चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, लाली चटकन दिसते. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, दिसते तेव्हा दुसरी स्टेज आलेली असते. म्हणून नुसतं बघू नका, हाताची मागची बाजू लावून बघा की शेजारच्या भागापेक्षा तिथं गरम किंवा गार लागतंय का, बोटानं बघा घट्ट आहे की पिचपिचीत, आणि पेशंट बोलत असेल तर विचारा दुखतंय का. रंग शेजारच्या कातडीपेक्षा जास्त गडद वाटला तरी लिहा. फॉर्ममध्ये 'तापमान' आणि 'घट्टपणा' असे दोन कॉलम ठेवा, ते नसतील तर सावळ्या पेशंटच्या पहिल्या स्टेज तुमच्या अभ्यासात येणारच नाहीत आणि आकडा खोटा कमी दिसेल.

दुसरा गोंधळ डायपरचा. लघवी-शी लागून लागून कातडी सोलते, ती फटीत, दोन्हीकडं पसरलेली, उथळ, कडा धूसर असलेली असते. दाबाची जखम हाडाच्या उंचवट्यावर, माकडहाड, टाच, खुब्याचं हाड, घोटा, डोक्याची मागची बाजू. राईल्स ट्यूबमुळं, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीमुळं, नाकाला, ऑक्सिजनच्या नळीमुळं कानामागं होते ती पण दाबाचीच, ती विसरू नका.

अभ्यास सुरू करायच्या आधी तपासणाऱ्या दोघींनी मिळून, पण एकमेकींना न सांगता, वीस पेशंट बघा आणि आपापल्या कागदावर लिहा. मग ताडून बघा. वीसपैकी सतरा-अठरा ठिकाणी जुळलं तर पुढं जा, बारा-तेराच जुळले तर परत बसून व्याख्या वाचा आणि परत वीस बघा. डेझर्टेशनसाठी गाईड कप्पा काढायला सांगतील, म्हणजे योगायोगानं जुळलेलं वजा करून किती जुळलं तो आकडा, तो स्टॅटिस्टिशियन काढून देतात, पण हे वीस पेशंट प्रत्यक्ष बघायला तुमच्याऐवजी कुणी येणार नाही.

वरचा आकडा, खालचा आकडा

'या महिन्यात सहा बेडसोर झाले' या वाक्यातून काहीच कळत नाही. कितीपैकी सहा? १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला बाळंतिणींच्या तापाचं कोडं सुटलं ते याच्यामुळंच. एकाच हॉस्पिटलात दोन बाळंतपणाचे वॉर्ड, एक डॉक्टर-विद्यार्थ्यांचा, एक सुइणींचा, आणि त्याच्याकडं बाळंतपणं किती आणि मृत्यू किती हे दोन्ही आकडे होते. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडं येणाऱ्या डॉक्टरांना त्यानं मेच्या मध्यात क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरामागे १८ बायका गेल्या होत्या, जूनमध्ये २. जंतू ही गोष्ट तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हती, तरी आकड्यावरून दिसलं.

आपण काय करायचं, तर खालचा आकडा 'धोक्यातल्या पेशंटचे दिवस' ठेवायचा. धोका कुणाला ते ब्रेडन स्केलवर काढा, संवेदना, ओलसरपणा, हालचाल, अंग वळवता येणं, खाणं, घासलं जाणं, असे सहा भाग, बेरीज ६ ते २३, जितकी कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा कमी असेल तो पेशंट अभ्यासात. रोज सकाळी आठला असे किती पेशंट वॉर्डात आहेत ते मोजून लिहायचं, महिन्याची बेरीज म्हणजे पेशंट-दिवस. समजा रोज सरासरी १२, तर तीस दिवसांचे ३६०. नवीन जखमा ४. तर ४ भागिले ३६० गुणिले १०००, म्हणजे हजार पेशंट-दिवसांमागे ११.१. पुढच्या महिन्यात डेंग्यू-न्यूमोनियानं वॉर्ड भरला, पेशंट-दिवस ६०० झाले, जखमा ६, तर दर आला १०. जखमा वाढल्या पण दर उतरला. नुसते चार आणि सहा बघून मेट्रननं आरडाओरडा केला असता, आणि त्या बिचाऱ्या स्टाफनं तर जास्त गर्दीत जास्त चांगलं काम केलं होतं.

'नवीन' हा शब्द सांभाळा. घरून किंवा दुसऱ्या दवाखान्यातून जखम घेऊन आलेला पेशंट वेगळा. म्हणून ॲडमिशनच्या शिफ्टमध्येच, फार तर चोवीस तासांत, सगळं अंग बघून लिहायचं. ट्रॉलीवरून बेडवर घेताना पेशंट तसाही वळवावा लागतो, तेव्हाच मागची बाजू बघून घ्या, वेगळा वेळ लागत नाही.

फॉर्म एका पानाचा

अर्ध्या पानाचा झाला तर आणखी चांगला. नाव नको, अभ्यासाचा नंबर, आणि नंबर-नावाची यादी वेगळ्या वहीत कुलुपात. वय, ॲडमिशनची तारीख, निदान, ब्रेडन, कुठली गादी, साधी की अल्फा बेड (हवा भरलेली गादी), डायपर आहे का, जेवण तोंडानं की ट्यूबनं. मग रोजची एक ओळ, माकडहाड, दोन्ही टाचा, दोन्ही खुबे, डोक्याची मागची बाजू, कान-नाक. आणि एक कॉलम अजून ठेवाच ठेवा, त्या शिफ्टला ड्युटीवर सिस्टर किती आणि पेशंट किती.

या कॉलमबद्दल मला खूप वाटतं म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. लिंडा एकेन आणि त्यांच्या टीमनं युरोपातल्या नऊ देशांतली ३०० हॉस्पिटलं बघितली, चार लाखांवर ऑपरेशनचे पेशंट, २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडं नाईटला चाळीस पेशंटना दोघी असतात आणि काही चुकलं की 'निष्काळजीपणा' लिहिलं जातं. हा कॉलम सहा महिने भरलेला असेल तर तुमच्याकडं तक्रार नसते, आकडा असतो. आपला वॉर्ड छोटा, त्यातून मोठं काही सिद्ध होणार नाही, पण कुठल्या शिफ्टला जखमा सापडतात आणि तेव्हा माणसं किती होती हे समोर ठेवता येतं.

फॉर्म आधी पाच पेशंटवर चालवून बघा. जो रकाना रिकामा राहतो तो एक तर काढा नाहीतर सोपा करा. भरायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर नाईटला कुणी भरणार नाही, आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवताना, सगळं एकदम आठवून भरलं जाईल, म्हणजे परत माझ्या त्या तीन सह्यांवर आलो. तपासणारी सिस्टर शक्यतो त्या पेशंटची ड्युटीवाली नको, शेजारच्या क्युबिकलची असू द्या. अजून एक, कुणी बघतंय कळलं की सगळे काम नीट करतात, हात धुण्याच्या अभ्यासात तर हे हमखास होतं, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे घ्या पण निष्कर्षात धरू नका, आणि हे आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहा, नंतर आकडे बघून ठरवू नका.

आठ आठवडे नुसतं मोजा

काही बदलायचं नाही, लेक्चर नाही, पोस्टर नाही. सगळ्यात अवघड भाग हाच आहे कारण हात शिवशिवतात. जखम सापडलेल्या पेशंटची काळजी अर्थातच पूर्ण घ्यायची, पण वॉर्डाची पद्धत बदलायची नाही. सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला शेजारी ठेवायला काही उरत नाही.

आता एकच बदल

आठ आठवड्यांच्या फॉर्मवर जखमा कुठं कुठं झाल्या ते माणसाच्या चित्रावर ठिपके देऊन बघा. आमच्या वॉर्डात ठिपक्यांचा पुंजका टाचांवर आला. तुमच्याकडं माकडहाडावर येईल, आयसीयूत नाकावर-कानावर येईल. जिथं पुंजका तिथंच बदल.

टाचांसाठी आम्ही काय केलं. आधी जुन्या सवयी काढल्या. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवायची पद्धत तुमच्याही वॉर्डात असेल, ती बंद, त्यानं दाब जात नाही, टाच घसरून फुग्याच्या कडेवर येते. रिंग, म्हणजे मध्ये भोक असलेली गोल उशी, बंद, रिंगच्या काठावर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त कमी होतं. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळणं बंद, आम्हाला स्टुडंट असताना बॅक केअर म्हणून तेच शिकवलं होतं, पण आतली बारीक नस आधीच दुखावलेली असते, चोळून ती आणखी फाटते. त्याऐवजी पोटरीखाली लांबीत उशी, टाच हवेत, टाचेखालून हात आरपार गेला पाहिजे, आणि गुडघा किंचित वाकलेला. उशी नसेल तर ब्लँकेटची घडी. नियम एकच ठेवला, ओव्हर घेताना प्रत्येक धोक्यातल्या पेशंटच्या टाचेखालून हात फिरवायचा, फिरला नाही तर ओव्हर घ्यायचं नाही. नवीन रजिस्टर नाही, नवीन टिक नाही.

मावशींना आणि मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांना, पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, पेशंट सगळ्यात जास्त तेच वळवतात. आमच्याकडं पहिली जखम एका मावशींनीच दाखवली होती, "सिस्टर, ह्या आजींच्या टाचेला गरम लागतंय बघा." नातेवाइकांनाही एकदा हात धरून दाखवा, नुसतं सांगू नका.

दोन तासांचं काय, हे कुणीतरी विचारणारच. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सनं म्हाताऱ्या पेशंटवर केलेला अभ्यास १९६२ साली आला, तिथून पोझिशन आणि दोन तास हे जगभर पसरलं. ते नर्सनं केलेलं संशोधन होतं हे आपल्याला कॉलेजात कुणी सांगत नाही. पुढं २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये ९४२ जणांवर दोन, तीन आणि चार तासांची चिठ्ठी टाकून तुलना झाली, जाड फोमच्या चांगल्या गादीवर तिन्हीत फरक दिसला नाही. पण गादी शब्दाकडं लक्ष द्या. आपल्या कापसाच्या, मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर चार तास ठेवायला तो अभ्यास सांगत नाही. कुठलाही पेपर वाचताना ते पेशंट आणि ती गादी आपल्याकडं आहे का, हे आधी बघायचं.

आकडे कसे वाचायचे

पंधरा दिवसांचा एक ठिपका, असा साधा आलेख काढा, कागदावर पेन्सिलनं चालेल. सुरुवातीच्या ठिपक्यांचा मध्यक काढून आडवी रेघ मारा. बदलानंतर सलग सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या खाली राहिले तर काहीतरी खरंच बदललंय. एक ठिपका शून्यावर आला म्हणून पेढे वाटू नका आणि एक वर गेला म्हणून कुणाला बोलू नका. सहा ठिपके म्हणजे तीन महिने, तेवढे द्या.

शून्याबद्दल एक हिशेब कायम उपयोगी पडतो. साठ पेशंटमध्ये एकही जखम झाली नाही, तर खरा दर शून्य आहे असं होत नाही. ३ भागिले ६० करा, ५ टक्के, म्हणजे खरं प्रमाण शंभरात पाचपर्यंतही असू शकतं. तीनशे पेशंट शून्यानं गेले तर १ टक्का. छोट्या वॉर्डच्या अभ्यासात हे लिहाच, परीक्षक खूश होतात म्हणून नाही, ते खरं आहे म्हणून.

आणि त्याच काळात दुसरं काय बदललं ते डायरीत टिपून ठेवा. नवीन अल्फा बेड आले, स्टुडंटची बॅच आली, सुट्ट्यांमुळं पेशंट कमी झाले, आयसीयूनं अवघड पेशंट खाली पाठवणं बंद केलं. ही डायरी नसेल तर सगळं श्रेय तुमच्या उशीला जाईल, आणि ते बरोबर नाही.

लिहायचं आणि दाखवायचं

पहिला निकाल वॉर्डालाच दाखवा, ज्यांनी फॉर्म भरले त्यांना. मराठीत, एका कागदावर, ड्रग ट्रॉलीजवळ. मग मेट्रन, मग क्वालिटीची मीटिंग, तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता, असेल तर त्यांना हा दर हवाच असतो. छापायचं असेल तर सुधारणेच्या कामासाठी स्क्वायर आणि नुसत्या निरीक्षणासाठी स्ट्रोब नावाच्या याद्या आहेत, काय काय लिहायचं ते त्यात दिलेलं असतं, त्याप्रमाणे लिहिलं की काही सुटत नाही. चार दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा, असा मेल आला तर उत्तर देऊ नका, कितीतरी मुलींचे पैसे असे गेलेत. मावशींचं नाव आभारात लिहा. फरक पडला नसेल तर तेही तसंच लिहा, दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर तेच सहा महिने परत घालवणार नाही.

आणि सुरू करतानाच ठरवा की अभ्यास संपल्यावर हे कोण चालू ठेवणार, कारण एमएससीची मुलगी डेझर्टेशन देऊन निघून जाते आणि महिन्याभरात पाण्याचे ग्लोव्ह परत येतात. आम्ही रोजचा फॉर्म बंद केला आणि बुधवारी सकाळी एकदाच सगळ्या धोक्यातल्या पेशंटच्या टाचा बघायच्या असं ठेवलं. त्या दिवशी जी इन्चार्ज असेल ती आणि एक मावशी, दोघी मिळून, ओव्हर झाल्या झाल्या, वीस मिनिटं.